रुग्णापासून आरोग्यापर्यंत : पुणे-दौंड लोहमार्ग परिसरातील रुग्णकेंद्री सेवेचा इतिहास

प्रास्ताविक

दौंड तालुक्यातील खुटबाव हे गाव पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव या दोन स्थानकांच्या मध्ये आहे. येथून पूर्वेकडील पुढचे स्थानक केडगाव. पश्चिमेकडे यवत, उरुळी आणि त्यापुढे हडपसर. उत्तरेस भीमा नदी व तिच्या पलीकडे शिरूर तालुका. पुण्याचे सान्निध्य, लोहमार्गाची सोय, कालव्याचे पाणी आणि त्यामागून आलेला ऊस यांनी या पट्ट्याचे अर्थजीवन घडविले, हे सर्वपरिचित आहे. परंतु आजारी माणसाचे उपचारातील स्थान कोणते, या प्रश्नाचा शोधही याच पट्ट्यात सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या काळी घेतला गेला, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

'रुग्णकेंद्री सेवा' या संकल्पनेची चर्चा सामान्यतः पाश्चात्त्य वैद्यकापासून सुरू होते. इंग्लंडमध्ये एनिड बालिंट यांनी १९६९ मध्ये रोगकेंद्री व रुग्णकेंद्री वैद्यक असा भेद मांडला. १९७९ मध्ये आरोन अँटोनोव्हस्की यांनी माणसे आजारी का पडतात याऐवजी ती निरोगी कशी राहतात, असा उलटा प्रश्न विचारला. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००१ मध्ये उत्तम आरोग्यसेवेच्या सहा उद्दिष्टांत रुग्णकेंद्रिततेचा समावेश केला. संज्ञेचा इतिहास म्हणून हा क्रम योग्य आहे. विचाराचा इतिहास म्हणून तो अपुरा आहे. प्रस्तुत निबंधात हडपसर, केडगाव, उरुळी कांचन आणि शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक या चार ठिकाणांच्या आधारे हा विचार स्थानिक इतिहासात तपासला आहे. रुग्णाचा सन्मान, रुग्णाचे स्वतःच्या शरीराविषयीचे ज्ञान आणि सेवेचे रुग्णाशी असलेले अंतर हे येथील अनुभवाचे तीन वेगवेगळे पैलू आहेत. यांपैकी कोणताही एक पैलू सुटला, तर उरलेले दोन रुग्णाच्या हिताचे राहतीलच असे नाही, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. प्लेगचे वर्ष : उपचार विरुद्ध रुग्ण

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि काही महिन्यांतच साथ पुण्यात पोहोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. या कायद्याने सरकारला साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटेल तो उपाय योजण्याचा अधिकार दिला. रुग्णाच्या बाजूने त्यात तरतूद नव्हती. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीच्या हाताखाली मार्च ते मे या काळात लष्कराच्या तुकड्यांनी घरोघर झडत्या घेतल्या. देवघर व स्वयंपाकघरही त्यातून सुटले नाही. स्त्रियांची तपासणी परपुरुषांसमोर, प्रसंगी भररस्त्यात झाल्याच्या तक्रारी झाल्या. संशयित माणसाला रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरण छावणीत नेले जाई. घरातून गेलेले माणूस परत येईल की नाही, हे सांगणारे कोणी नसे. परिणामी लोक आजारी माणसाला लपवू लागले, आणि ज्या उपायाने साथ आटोक्यात यावयाची त्यानेच ती अंधारात ढकलली. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली, हा त्यापुढचा इतिहास सुविदित आहे.

येथे वैद्यकीय ज्ञानाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता. परंतु तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. म्हणजे १८९७ मध्ये झडती घेणाऱ्यांना रोगाचा मार्ग पुरता ठाऊक नव्हता. अपुऱ्या ज्ञानाला पूर्ण अधिकार मिळाला, ही त्या वर्षाची खरी शोकांतिका होय.

याच वर्षी या लोहमार्गाच्या दोन टोकांशी दोन स्त्रियांनी वेगळी वाट दाखविली. सावित्रीबाई फुले यांनी आपला वैद्यकीय व्यवसाय करणारा दत्तक पुत्र डॉ. यशवंत याच्याकडून हडपसर परिसरात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू करविला. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी तेथे पोहोचविले, त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग तोच होता आणि रुग्णाला घराबाहेर हलविणेही तसेच होते. तरीही एका ठिकाणी रुग्ण पकडून नेला जात होता, तर दुसऱ्या ठिकाणी तो उचलून आणला जात होता. ज्या जातीच्या मुलाला स्पर्श करण्यास समाज तयार नव्हता, त्याला पाठीवर घेण्यात वैद्यकापलीकडचा एक निर्णय होता.

पंडिता रमाबाईंचा मार्ग निराळा होता. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी अनेक निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यातील प्लेगविषयक निर्बंधांमुळे त्यांना शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा त्यांना केडगाव येथील शेतजमिनीवर आश्रय देण्यात आला. तेथेच १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले. पुण्यातील प्लेग रुग्णालयात स्त्रियांच्या सुरक्षिततेची व अब्रूची काळजी घेतली जात नाही, अशी जाहीर तक्रार रमाबाईंनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून केली. ती ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचली आणि सरकारने ती नाकारली. वैद्यकीय सेवेच्या इतिहासात या तक्रारीचे महत्त्व असे की, रुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रीच्या वतीने, तिला तेथे कशी वागणूक मिळाली या एकाच मुद्द्यावर, एका भारतीय स्त्रीने शासनाला जाब विचारला. रोग बरा झाला की नाही यापेक्षा हा प्रश्न वेगळा आहे, हे त्यात गृहीत होते.

केडगावात पुढे जे घडले तेही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दुष्काळातून आलेल्या मुलींना अन्न व औषध यांबरोबर विणकाम, छपाई, शेती, दुग्धव्यवसाय यांचे शिक्षण देण्यात आले. अंध स्त्रियांसाठी बर्तिमी सदन निघाले व रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी तेथे ब्रेल लिपीचे शिक्षण आणले. वृद्ध व अपंग स्त्रियांची सोय प्रीतिसदनात झाली. या संस्थेची धर्मविषयक भूमिका हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. तथापि दुर्बल शरीराच्या व्यक्तीला केवळ सांभाळावयाचे नसून तिच्या हाताला काम द्यावयाचे आहे, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आले.

२. उरुळी कांचन : रुग्ण हाच विद्यार्थी

१९४६ हे वर्ष भारतीय आरोग्यविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे त्याचे सूत्र होते आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातूनच पुढे आली. त्याच वर्षी २२ मार्च रोजी महात्मा गांधी उरुळी कांचन येथे आले व सुमारे आठवडाभर राहून त्यांनी स्वतः रुग्ण तपासले.

गांधीजींचा निसर्गोपचाराशी संबंध जुना होता. लुई कुने व अॅडॉल्फ जुस्ट यांची पुस्तके त्यांनी दक्षिण आफ्रिकेत वाचली होती. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत त्यांनी 'आरोग्याची किल्ली' हे पुस्तक लिहिले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. १९४५ मध्ये त्यासंबंधी विश्वस्त मंडळ स्थापन होऊन गांधीजी त्यात सहभागी झाले. परंतु गरिबांसाठीचे केंद्र शहरात चालविण्याचा विचार ही आपली चूक होती, अशी कबुली त्यांनी लवकरच दिली. गरीब रुग्ण शहरात येऊन राहू शकत नाही; तेव्हा केंद्रानेच खेड्यात गेले पाहिजे, या निष्कर्षातून उरुळीची निवड झाली.

येथील उपचारांची सामग्री अत्यंत साधी होती : पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, घर्षणस्नान, सूर्यप्रकाश, दूध व फळांचा रस, उपवास, स्वच्छता आणि रामनाम. खेड्यात जे मिळत नाही ते औषध खेड्यासाठी नाही, असा त्यामागील दंडक होता. वैद्याने रुग्णाला बरे करून पाठवू नये, तर पुन्हा आजारी न पडण्याची विद्या देऊन पाठवावे, ही अपेक्षा त्याहून महत्त्वाची. रुग्ण हा येथे विद्यार्थी ठरतो आणि निरोगी राहण्याचे कर्तृत्व त्याच्याकडे जाते. १९४८ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्याची व्याख्या केवळ रोगाचा अभाव अशी न करता शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य अशी केली आहे. विधायक आरोग्याचा हा विचार उरुळीत दोन वर्षे आधी, मातीच्या पट्टीच्या भाषेत मांडला गेला होता.

गांधीजी ३० मार्चला उरुळीहून गेले. मणिभाई देसाई मागे राहिले. सुरत जिल्ह्यातून आलेल्या या तरुणाने उरुळीतच आयुष्य घालविण्याचे वचन दिले व १९९३ मध्ये निधन होईपर्यंत ते पाळले. ग्रामस्थांनी दिलेल्या जमिनीवर आश्रम उभा राहिला. मणिभाईंच्या कार्याला पुढे मिळालेले वळण आरोग्याच्या इतिहासात विचारात घेण्यासारखे आहे. दूध प्या असे सांगावयाचे तर गावात दूध हवे, फळे खा असे सांगावयाचे तर बागा हव्यात, स्वच्छ राहा असे सांगावयाचे तर पाणी व शिक्षण हवे. त्यांनी गीर गायींचे संगोपन, फळबागा व विद्यालय यांना हात घातला. १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था स्थापन झाली आणि संकरित गायींच्या पैदाशीची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचविण्याची तिची पद्धत देशाच्या अनेक राज्यांत गेली. १९८२ मध्ये मणिभाईंना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचाराचे पथ्य पाळता यावे यासाठी गावाची अर्थव्यवस्था बदलावी लागते, हा त्यांच्या कार्याचा अर्थ आहे.

या प्रयोगाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. निसर्गोपचाराचे पुरस्कर्ते असलेल्या गांधीजींचेच प्राण जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी केलेल्या आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेने वाचले होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबांच्या अखेरच्या आजारात पेनिसिलीन द्यावे असा पुत्र देवदास यांचा आग्रह होता व गांधीजी त्याच्या विरुद्ध होते. मरणासन्न व्यक्तीच्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हा आजही अवघड असलेला प्रश्न तेथे उभा राहिला. क्षयरोग, अडलेली प्रसूती, सर्पदंश, नवजात अर्भकाचा जंतुसंसर्ग अशा प्रसंगी आहारविहार पुरेसा नसतो.

याहून सूक्ष्म अडचण नैतिक आहे. आरोग्य हे ज्याच्या त्याच्या हाती आहे असे म्हटले की, आजार हा ज्याचा त्याचा दोष ठरू लागतो. पहाटेपासून उसाच्या फडात राबणाऱ्या तोडणी मजुराला नियमित आहार, विश्रांती व सूर्यस्नान यांचा उपदेश करणे सोपे आहे. त्याला सूर्य भरपूर मिळतो, उरलेले दोन मिळत नाहीत. निवासी निसर्गोपचारासाठी जे अनेक दिवस लागतात ते रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला परवडत नाहीत. शहर सोडून खेड्यात आलेला उपचारही अशा रीतीने गरिबापासून दूर राहू शकतो. मणिभाईंच्या संस्थेची सेवा गायीसाठी गोठ्यापर्यंत गेली. आजारी माणसाला मात्र आश्रमापर्यंत यावे लागे. हे अंतर तोडण्याचा प्रयत्न भीमेच्या पलीकडे झाला.

३. वढू : सेवा रुग्णाच्या उंबरठ्यावर

पुण्याचे के. ई. एम. रुग्णालय १९१२ मध्ये स्थापन झाले. डॉ. बानू कोयाजी तेथे १९४४ मध्ये रुजू झाल्या, तेव्हा ते लहानसे प्रसूतिगृह होते. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत ते मोठे सर्वसाधारण रुग्णालय झाले. तथापि प्रसूतितज्ज्ञ म्हणून त्यांच्या वाट्याला आलेला अनुभव अस्वस्थ करणारा होता. खेड्यातील स्त्री रुग्णालयात पोहोचते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. रुग्णालय कितीही उत्तम केले तरी या उशिराला त्याच्याकडे उत्तर नसते. या जाणिवेतून सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे, शासनाच्या सहकार्याने, ग्रामीण आरोग्य प्रकल्प आकारास आला.

प्रकल्पाची रचना साधी होती. गावातील व्यक्ती, विशेषतः स्त्रिया, निवडून त्यांना आरोग्यसेविकेचे प्रशिक्षण द्यावयाचे. गरोदरपणातील तपासणी, बाळाचे वजन, लसीकरण, अतिसारावर मीठ-साखरेचे पाणी, पाळणा लांबविणे व वेळेवर रुग्णालयात पाठविणे ही त्यांची कामे. अडचणीच्या प्रसंगासाठी उपकेंद्र, आरोग्य केंद्र आणि त्यामागे पुण्याचे रुग्णालय अशी साखळी. येथे रुग्णाला पहिल्यांदा भेटणारी व्यक्ती त्याच्याच आळीतील, त्याचीच भाषा बोलणारी असते. कोणत्या घरात सासू दवाखान्यास विरोध करते, कोणाचा नवरा कामानिमित्त बाहेर असतो, कोणत्या सुनेला विश्रांती मिळत नाही, हे तिला ठाऊक असते. पाश्चात्त्य चर्चेत ज्याला रुग्णाच्या संदर्भाचे आकलन म्हणतात ते तिला वेगळे शिकावे लागत नाही.

हा प्रयोग एकाकी नव्हता. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड येथे अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले होते. १९७८ च्या अल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा केली तेव्हा जामखेडसारख्या प्रयोगांचे अनुभव जगापुढे होते. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये व डॉ. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली 'आशा' ही कार्यकर्ती या परंपरेतीलच आहे. मात्र येथेही एक भेद दृष्टिआड करता येत नाही. शासकीय योजनेत आशा सेविकेचे काम प्रामुख्याने ठरावीक कामांच्या मोबदल्याशी जोडले गेले. ज्या कामाची नोंद होते ते काम पुढे येते; आजारी म्हातारीजवळ अर्धा तास बसणे कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

२००२ पासून वढू परिसरातील शिरूर व हवेली तालुक्यांच्या २२ गावांत जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची घरोघर नियमित नोंद ठेवली जाऊ लागली. रोटाव्हॅक या भारतीय लशीच्या २०११ मध्ये सुरू झालेल्या चाचणीच्या तीन केंद्रांपैकी एक केंद्र येथील होते. सव्वाशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात आरोग्याच्या नावाने घरात शिरलेला शिपाई काहीही विचारत नव्हता. येथे घरी येणारा कार्यकर्ता पालकांची लेखी संमती मागतो. हा बदल मोठा आहे. परंतु संमतीपत्र वाचून दाखविणे व ते समजणे यांत जे अंतर असते ते सही घेऊन संपत नाही, म्हणूनच समजावून सांगणाऱ्याविषयीचा विश्वास निर्णायक ठरतो. वढूत हा विश्वास चाचणीच्या आधीच्या तीन दशकांतील प्रसूती व बालसंगोपनाच्या सेवेने कमावलेला होता.

४. दयेकडून हक्काकडे

वरील तिन्ही प्रसंगांत रुग्णाला मिळालेले स्थान व्यक्तींच्या थोरवीवर अवलंबून होते. सावित्रीबाई, रमाबाई, मणिभाई, डॉ. कोयाजी नसत्या तर काय, या प्रश्नाला कायद्याने हळूहळू उत्तर दिले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत सशुल्क वैद्यकीय सेवा येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णहक्कांची सनद तयार केली. माहिती मिळणे, संमती, गोपनीयता, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हे हक्क त्यात नमूद झाले. दुसरीकडे, २०२० मध्ये कोविडच्या साथीत शासनाने आधार घेतला तो १८९७ च्याच साथरोग कायद्याचा. त्या वेळी केलेल्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध संरक्षण दिले, ते योग्यच होते. परंतु विलगीकरणातील रुग्णाचे हक्क या कायद्यात तेव्हाही आले नाहीत. नातेवाइकांपासून तोडलेला रुग्ण व अंत्यदर्शनाविना झालेले अंत्यसंस्कार यांनी अनेक कुटुंबांना प्लेगच्या ऐकीव आठवणी पुन्हा दिल्या.

निष्कर्ष

या स्थानिक इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. रुग्णकेंद्रित दृष्टी ही परदेशातून आलेली नवी व्यवस्थापनपद्धती नव्हे. या परिसरात ती प्रत्यक्ष अनुभवातून, प्रसंगी प्राणांचे मोल देऊन, घडली आहे. तिचे घटक मात्र एकाच वेळी एकत्र आले नाहीत. १८९७ मध्ये सावित्रीबाई व रमाबाई यांनी रुग्णाच्या सन्मानाचा आग्रह धरला, परंतु त्या काळी प्लेगवर खात्रीचा उपचार नव्हता. उरुळीने रुग्णाच्या हाती ज्ञान दिले, परंतु ते आचरण्याची सवड ज्यांना नाही त्यांचा प्रश्न राहिला. वढूने सेवा उंबरठ्यावर नेली, परंतु आजार टाळण्यासाठी लागणारे पाणी, अन्न, विश्रांती व मजुरी ही कोणत्याही आरोग्यसेविकेच्या पिशवीत मावणारी नव्हती.

आज या पट्ट्यातही मधुमेह व रक्तदाब हे खेड्यातील नेहमीचे आजार झाले आहेत. त्यांच्या उपचारात गोळीइतकेच रोजच्या जगण्याला महत्त्व असल्याने उरुळीचा विचार पुन्हा समयोचित ठरतो. तो स्वीकारताना पथ्य न पाळणाऱ्या रुग्णाला दोष देण्याआधी, त्याला पथ्य पाळता येईल अशी परिस्थिती आहे काय, हा मणिभाईंनी कृतीने विचारलेला प्रश्नही स्वीकारावा लागेल. खुटबाव किंवा त्यासारख्या कोणत्याही गावातील आरोग्यसेवेचे मूल्यमापन करताना खाटा, इमारती व औषधसाठा यांची गणना होतेच. आजारी माणसाला तेथे कोणी विचारले काय, त्याला समजेल असे सांगितले काय आणि त्याच्या घरापासून ते किती दूर होते, या तीन नोंदी तिच्यात जोडल्या जाणे हे या इतिहासाचे फलित ठरेल.